मेंदूतील रोहिणीविस्फाराच्या शस्त्रक्रियेतील नीलासंरक्षण

मेंदूतील रोहिणीविस्फाराच्या शस्त्रक्रियेतील नीलासंरक्षण म्हणजे मेंदूच्या रोहिणीवर आलेला फुगवटा, अर्थात अ‍ॅन्युरिझम, कवटी उघडून क्लिपने बंद करताना वाटेतील नाजूक नीला न तोडता, न ताणता व न सुकू देता जपण्याची शल्यपद्धती होय. या शस्त्रक्रियेचे लक्ष्य रोहिणी हे असते; परंतु त्या रोहिणीपर्यंत जाणारा मार्ग नीलांच्या मधून जातो. क्लिप अचूक बसूनही महत्त्वाची नीला बंद पडल्यास रुग्णाची वाचा किंवा हातापायातील शक्ती जाऊ शकते. म्हणून नीला शाबूत राखणे हा या शस्त्रक्रियेच्या यशाचा एक स्वतंत्र निकष मानला जातो.

संज्ञा

मराठी शालेय पुस्तकांत हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीस रोहिणी व हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिनीस नीला म्हटले जाते. अन्य काही ग्रंथांत याच अर्थी धमनी व शिरा हे शब्द येतात. बोलीभाषेत मात्र दोहोंसाठी ‘नस’ हा एकच शब्द रूढ आहे. त्यामुळे ‘मेंदूतली नस फुटली’ या वाक्यातून कोणती वाहिनी फुटली याचा बोध होत नाही. रोहिणीविस्फाराच्या रुग्णात फुटते ती रोहिणी. शस्त्रक्रियेत जपावयाची असते ती प्रामुख्याने नीला. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय प्रस्तुत विषय समजत नाही.

रोहिणीविस्फार

मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. त्यास विलिसचे वर्तुळ म्हणतात. या कड्यावर, विशेषतः जेथे रोहिणीला फाटा फुटतो तेथे, भिंत कमजोर होऊन लहान फुग्यासारखा भाग बाहेर येतो. प्रौढ लोकसंख्येत साधारण शंभरांतील तिघांच्या मेंदूत असा फुगवटा असतो, असे अभ्यासांतून दिसते. त्यांपैकी बहुसंख्य फुगवटे आयुष्यभर फुटत नाहीत. धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि कुटुंबातील पूर्वेतिहास यांमुळे धोका वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

फुगवटा फुटल्यास रक्त जालतानिकेखालील पोकळीत पसरते. मेंदूभोवती तीन आवरणे असतात : बाहेरची जाड दृढतानिका, मधली कोळ्याच्या जाळ्यासारखी जालतानिका आणि मेंदूला चिकटलेली मृदुतानिका. जालतानिका व मृदुतानिका यांच्यामधील पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो व रक्तवाहिन्याही तेथूनच जातात. या पोकळीतील रक्तस्राव अचानक, काही क्षणांत शिगेला पोहोचणाऱ्या असह्य डोकेदुखीने प्रकट होतो. सोबत उलट्या, मान ताठरणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे असू शकतात. पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून अशा रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ हलवावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

मेंदूतील नीलांची वैशिष्ट्ये

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. जितके रक्त रोहिण्यांतून आत येते, तितकेच नीलांतून बाहेर पडणे आवश्यक असते. कवटी हाडाची व बंदिस्त असल्याने तुंबलेल्या रक्ताला पसरण्यास जागा नसते.

या नीलांची भिंत अतिशय पातळ असते. हातापायांतील नीलांप्रमाणे त्यांना झडपा नसतात आणि भिंतीत स्नायूंचा थरही जवळपास नसतो. त्यामुळे त्या ताणल्यास फाटतात, दाबल्यास लगेच चपट्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या तीव्र प्रकाशात कोरड्या पडल्यास आक्रसतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून दृढतानिकेतील मोठ्या नीलामार्गांना मिळणाऱ्या नीलांना सेतुनीला म्हणतात. त्यांचा काही भाग कोणत्याही आधाराशिवाय पुलासारखा जातो. मेंदू बाजूला सरकवला की ताण प्रथम याच नीलांवर येतो.

मेंदूच्या बाह्य पृष्ठभागावरील तीन नीला शल्यविशारदांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत.

१. वरवरची सिल्व्हियन नीला : ही ललाटखंड व शंखखंड यांच्यामधील सिल्व्हियन भेगेवरून जाते. ललाटखंड कपाळामागे व शंखखंड कानशिलामागे असतो.

२. ट्रोलार्डची नीला : ही सिल्व्हियन भेगेकडून वर जाऊन डोक्याच्या मध्यरेषेतील मोठ्या नीलामार्गाला मिळते. पॉलिन ट्रोलार्ड या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव तिला मिळाले आहे.

३. लाबेची नीला : ही शंखखंडावरून मागे व खाली जाऊन कानामागील आडव्या नीलामार्गाला मिळते. शार्ल लाबे या फ्रेंच शल्यविशारदावरून तिचे नाव पडले आहे. बहुतेक व्यक्तींत भाषेचे केंद्र डाव्या अर्धगोलात असते. त्यामुळे डाव्या बाजूची लाबेची नीला बंद पडल्यास शब्द सुचणे व समजणे यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

या तिघींचा आकार एकमेकींवर अवलंबून असतो. एक मोठी असल्यास उरलेल्या दोन बहुधा लहान असतात. दोन माणसांच्या नीलांची मांडणी सारखी नसते. एकाच माणसाच्या डाव्या व उजव्या बाजूंतही फरक आढळतो. रोहिण्यांची मांडणी त्या मानाने ठरावीक असते. यामुळे पुस्तकातील आकृतीवर विसंबून नीलेविषयी निर्णय घेता येत नाही. प्रत्येक रुग्णाचा नकाशा स्वतंत्रपणे वाचावा लागतो.

ऐतिहासिक आढावा

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अंतर्गत ग्रीवा रोहिणीवरील फुगवट्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. फुगवटा थेट बंद करण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ या घटनेपासून मानतात. त्या काळी शस्त्रक्रिया साध्या डोळ्यांनी होत असे. मेंदू पुरेसा बाजूला सारल्याशिवाय तळापर्यंत दृष्टी पोहोचत नसे आणि त्या ओढाताणीत नीलांना इजा होत असे.

१९६० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचा वापर सुरू झाल्यावर चित्र पालटले. मूळचे तुर्कस्तानचे गाझी याशारगिल यांनी अमेरिकेत व्हरमाँट येथे सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र आत्मसात केले व १९६७ पासून झुरिच येथे ते मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुजवले. मेंदू ओढून वाट करण्याऐवजी निसर्गतः असलेल्या भेगा व द्रवाच्या पोकळ्या उघडत तळाशी पोहोचणे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होते. या मार्गाने मेंदूला कमी धक्का बसतो; मात्र भेगांच्या तोंडाशी नीलाच असल्याने नीलांची ओळख व हाताळणी हा शस्त्रक्रियेचा पहिलाच टप्पा ठरला.

भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोर येथे जेकब चँडी यांनी सुरू केला. पुढील वर्षी मद्रास येथे बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले आणि १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत राम गिंडे, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातील गजेंद्र सिंह आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील होमी दस्तूर यांची नावे घेतली जातात. के. ई. एम. मध्ये पुढे सुनील पंड्या व अतुल गोयल यांनी विभागप्रमुख म्हणून काम पाहिले. पंड्या यांनी न्यूरोसर्जरीबरोबर वैद्यकीय नीतिशास्त्र व भारतीय वैद्यकाचा इतिहास या विषयांवरही विपुल लेखन केले.

शस्त्रक्रियेतील नीलासंरक्षणाचे टप्पे

पूर्वतयारी. फुगवट्याचा शोध घेण्यासाठी सीटी अँजिओग्राफी किंवा डीएसए ही तपासणी केली जाते. डीएसएमध्ये रंगद्रव्य प्रथम रोहिण्यांत व काही सेकंदांनी नीलांत दिसते. फुगवटा पाहून झाल्यावर चित्रमालिका तेथेच न थांबवता नीलांचा टप्पाही पाहणे हे नीलासंरक्षणाचे पहिले पाऊल होय. कोणती नीला मोठी आहे, ती कोठे जाऊन मिळते आणि तिला पर्यायी वाट आहे की नाही, हे त्यावरून समजते.

डोक्याची स्थिती. रुग्णाचे डोके हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवतात, म्हणजे रक्त परतण्यास मदत होते. मान फार वळवल्यास गळ्यातील नीला दाबली जाऊन मेंदू सुजतो. डोके फार उंच ठेवल्यास उघड्या नीलेतून हवा आत शिरण्याचा धोका असतो. या दोहोंतील मध्य साधावा लागतो.

मेंदू सैल करणे. भूलतज्ज्ञ श्वासाचे नियंत्रण व मॅनिटॉलसारखी औषधे यांद्वारे मेंदूवरील दाब कमी करतात. शल्यविशारद मस्तिष्क-मेरुद्रव हळूहळू वाहू देतात. मेंदू सैल झाला की तो आपोआप बाजूला होतो व ओढावा लागत नाही. सुजलेल्या मेंदूत घाईने वाट काढणे हे नीलांना इजा होण्याचे एक मोठे कारण असते.

कवटी व दृढतानिका उघडणे. पुढील भागातील बहुतेक फुगवट्यांसाठी कानशिलाजवळील हाडाचा तुकडा काढतात. वृद्ध रुग्णांत दृढतानिका हाडाला घट्ट चिकटलेली असते. दृढतानिका उचलताना तिच्या आतील बाजूस नीला चिकटलेली नाही ना, याची खात्री करून मगच ती कापली जाते.

सिल्व्हियन भेग उघडणे. हा सर्वांत नाजूक टप्पा होय. सिल्व्हियन नीला सामान्यतः शंखखंडाच्या बाजूने कवटीच्या तळाकडील नीलामार्गाला मिळते. म्हणून जालतानिका बहुधा नीलेच्या ललाटखंडाकडील कडेने उघडतात; त्यामुळे मुख्य नीला शंखखंडासोबत आपल्या जागी राहते. नीला दुहेरी असल्यास दोहोंमधून वाट काढता येते. ललाटखंडाकडून आलेल्या लहान उपनीला मात्र भेग ओलांडून जातात आणि वाटेत आडव्या येतात. त्यांच्याभोवतीचे जालतानिकेचे धागे दूरवर सोडवले, तर नीला लांब व सैल होते आणि न तोडता बाजूला होऊ शकते. धागे ओढून न तोडता सूक्ष्म कात्रीने किंवा धारदार पात्याने कापतात, कारण ओढलेला धागा नीलेची भिंत सोबत फाडतो. नीलांवर कोमट सलाइनचे थेंब सतत सोडून त्या ओल्या ठेवल्या जातात.

फुगवटा नुकताच फुटलेला असेल तर भेगेत साकळलेले रक्त असते. जालतानिका गढूळ झालेली असते व नीला ओळखणे अवघड जाते. अशा वेळी खोलवर, जेथे रचना स्पष्ट दिसते, तेथे पोहोचून आतून बाहेर भेग उघडण्याची पद्धत वापरतात.

मेंदू धरून ठेवणे. पूर्वी मेंदू बाजूला ठेवण्यासाठी स्थिर धातूची पट्टी, म्हणजे रिट्रॅक्टर, तासन्‌तास लावलेली असे. पट्टीखालील मेंदू व तिच्या कडेची नीला दोन्ही दाबली जात. आता अनेक शल्यविशारद स्थिर रिट्रॅक्टर टाळतात आणि हातातील शोषनळी व अन्य उपकरणांनीच क्षणभर आधार देतात. अमेरिकेतील रॉबर्ट स्पेट्झलर व नादेर सनाई यांनी २०१२ मध्ये या बदलाचा सविस्तर पुरस्कार केला. रिट्रॅक्टर लावावाच लागला, तर तो ठरावीक वेळाने सैल करतात.

रक्तस्राव थांबवणे. नीलेतील दाब कमी असतो. तिला लहान छिद्र पडल्यास त्यावर विरघळणारी रक्तरोधक पट्टी व ओला कापूस ठेवून काही मिनिटे संयमाने वाट पाहिल्यास रक्त बहुधा थांबते. बायपोलर विद्युत्‌चिमट्याने घाईत जाळल्यास छिद्र बंद होते, पण नीलाही बंद होते. मोठ्या नीलेचे छिद्र केसाहूनही बारीक धाग्याने शिवता येते.

तपासणी. २००३ मध्ये अँड्रियास राबे व सहकाऱ्यांनी इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य टोचून सूक्ष्मदर्शकातूनच रक्तप्रवाह पाहण्याची पद्धत मांडली. अवरक्त प्रकाशात प्रथम रोहिण्या व मग नीला उजळतात. क्लिपनंतर फुगवटा पूर्ण बंद झाला का आणि नीलांतील प्रवाह चालू आहे का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथेच मिळतात. एखादी नीला तोडणे अटळ वाटल्यास तिच्यावर आधी तात्पुरती क्लिप लावून रक्त दुसऱ्या वाटेने जाते का, हे याच पद्धतीने पाहता येते.

अन्य मार्गांवरील नीला

दोन अर्धगोलांच्या मधून जावे लागणाऱ्या फुगवट्यांत मध्यरेषेतील नीलामार्गाला मिळणाऱ्या सेतुनीला आड येतात. या नीलामार्गाच्या पुढच्या तृतीयांशातील नीला तोडणे तुलनेने कमी धोक्याचे मानले जाते, तरी ते पूर्णतः निर्धोक नाही. त्यामागील नीला हातापायांच्या हालचालींच्या केंद्राजवळ असल्याने शक्यतो सर्वच राखल्या जातात. मेंदूच्या मागील भागातील बॅसिलर रोहिणीच्या टोकावरील फुगवट्यासाठी शंखखंड उचलावा लागल्यास लाबेच्या नीलेवर ताण येतो.

नीला बंद पडल्यास होणारे परिणाम

नीला बंद पडली की तिच्या प्रदेशातील रक्त तुंबते, ऊती सुजते आणि केशवाहिन्यांतून रक्त झिरपते. ऊती मरण पावल्यास त्यास नीलाजन्य अभिकोथ म्हणतात. याची लक्षणे शस्त्रक्रियेनंतर लगेच न दिसता काही तासांनी किंवा दिवसांनी दिसू शकतात : झटके येणे, वाचा अडखळणे, एका बाजूची शक्ती कमी होणे, गुंगी वाढणे.

येथे निदानाचा एक पेच असतो. फुगवटा फुटल्यानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत रोहिण्या आक्रसण्याचा धोकाही असतो व त्याची लक्षणे अशीच असतात. दोहोंचे उपचार भिन्न आहेत. सीटी स्कॅनवर दिसणारा काळसर भाग एखाद्या रोहिणीच्या प्रदेशाशी जुळत नसेल आणि त्यात रक्ताचे ठिपके असतील, तर नीलेचा विचार करावा लागतो. डोके उंच ठेवणे, शरीरातील पाणी कमी होऊ न देणे, झटक्यांवरील औषधे आणि सूज फार वाढल्यास हाडाचा तुकडा काढून मेंदूला जागा देणे, असे उपचार केले जातात.

मतभेद

सर्वच नीला राखल्या पाहिजेत का, याविषयी एकमत नाही. लहान उपनीलेला पर्यायी वाट असते, ती तोडल्याने भेग रुंद उघडते व रोहिणी अधिक सुरक्षितपणे दिसते, असे काही शल्यविशारद मानतात. दृष्टी अपुरी राहिल्यास फुगवटा शस्त्रक्रियेतच फुटू शकतो आणि तो धोका नीलेच्या हानीहून मोठा असतो, हा त्यांचा युक्तिवाद आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते पर्यायी वाट पुरेशी आहे की नाही हे आधी खात्रीने सांगता येत नाही आणि रक्तस्रावाने आधीच सुजलेला मेंदू लहान नीलेची हानीही सोसू शकत नाही. व्यवहारात दोन्ही पक्षांना मान्य असलेली मर्यादा अशी की, नीला तोडणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. निष्काळजीपणाचा परिणाम नसावा.

कॉइल पद्धती व शस्त्रक्रियेचे स्थान

१९९० मध्ये ग्विडो गुग्लिएल्मी यांच्या कॉइलचा प्रथम वापर झाला. मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी नेऊन फुगवटा आतून भरण्याच्या या पद्धतीत कवटी उघडावी लागत नाही, त्यामुळे मेंदूवरील नीलांना धक्का लागत नाही. २१४३ रुग्णांवरील आयसॅट या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण कॉइल गटात २३.७ टक्के, तर शस्त्रक्रिया गटात ३०.६ टक्के होते. या चाचणीतील बहुतेक फुगवटे लहान व मेंदूच्या पुढील भागातील होते.

तरीही शस्त्रक्रियेची गरज संपलेली नाही. रुंद मानेचे फुगवटे, सिल्व्हियन भेगेतील मध्य मस्तिष्क रोहिणीच्या फाट्यावरील फुगवटे आणि सोबत रक्ताची मोठी गाठ असलेले रुग्ण यांत क्लिप अनेकदा सोयीची ठरते. खर्चाचा भागही महत्त्वाचा आहे. एका फुगवट्यास अनेक कॉइल लागू शकतात व त्यांची किंमत क्लिपपेक्षा बरीच अधिक असते.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत हा मुद्दा प्रकर्षाने जाणवतो. के. ई. एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये परळ येथे सुरू झाले. अध्यापकवर्ग भारतीय असावा, अशी अट महाविद्यालयाच्या देणगीदारांनी घातली होती. गिरणगावातील परळ, लालबाग या कामगार वस्त्यांचे हे जवळचे महापालिका रुग्णालय. कोकण व पश्चिम महाराष्ट्रातूनही रुग्ण येथे येतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या राज्य शासनाच्या योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. ज्या रुग्णाला पर्याय निवडण्याची मुभा कमी असते, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया अधिक निर्धोक करणे हाच खरा दिलासा असतो. नीलासंरक्षणास महागडे यंत्र अनिवार्य नाही. डीएसएचा नीलांचा टप्पा पाहणे, मेंदू सैल होईपर्यंत थांबणे, नीला ओली ठेवणे आणि रक्त आल्यास संयम राखणे या त्यातील मुख्य गोष्टी कोणत्याही सुसज्ज विभागात पाळता येतात.

प्रशिक्षण

नीला हाताळण्याचे कौशल्य वाचनाने येत नाही. निवासी डॉक्टर प्रथम सूक्ष्मदर्शकाच्या जोडनळीतून ज्येष्ठांची शस्त्रक्रिया पाहतात. प्रयोगशाळेत उंदराच्या रक्तवाहिन्या, प्रसूतीनंतरची वार आणि देहदानातून मिळालेले देह यांवर सराव करतात. वारेतील वाहिन्या पातळ आवरणाखाली असल्याने सिल्व्हियन भेगेच्या सरावासाठी ती उपयुक्त ठरते. मृतदेहांच्या शैक्षणिक वापरास राज्यात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे.

रुग्णांसाठी माहिती

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी फुगवटा कोठे आहे, क्लिप व कॉइल यांपैकी कोणता उपाय सुचवला आहे व का, शस्त्रक्रियेचा मार्ग वाचेच्या किंवा हालचालींच्या केंद्राजवळून जातो का आणि नीलांना इजा झाल्यास काय परिणाम संभवतात, हे विचारण्याचा रुग्णाला व नातेवाइकांना अधिकार आहे. शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर झटका, नव्याने अडखळणारी वाचा, वाढती गुंगी किंवा तीव्र डोकेदुखी आढळल्यास विलंब न करता त्याच रुग्णालयाशी संपर्क साधावा. प्रस्तुत लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.

हेही पाहा

मेंदू, रोहिणीविस्फार, पक्षाघात, विलिसचे वर्तुळ, के. ई. एम. रुग्णालय, मुंबई, देहदान